अंगठ्याचा खळगा

१२ मार्च

विसरभोळ्या खारूताईस,

मेंदूत किडे माझ्या, आणि विसरलीस तू. याला काय म्हणायचं?

डॉक्टरीणबाई मला दर खेपेला विचारतात, "आजी, आज वार कोणता? सकाळी काय खाल्लंत? घरी कोण कोण असतं?" वार मी सांगते, खाल्लेलं सांगते, त्यात मीठ कमी होतं तेही सांगते. घरी कोण कोण, असं विचारलं की पहिलं नाव तुझंच तोंडात येतं. मग त्या कागदावर काहीतरी खरडतात, आणि तुझा बाप मान खाली घालून म्हणतो, "ती आता इथे नसते." म्हणजे परीक्षेत मी नापास होतेय ती तुझ्यामुळे.

आजी नावाची एक बाई होती, आठवते का? बुटकी, दात मोजके, तोंड भरपूर. तीच बोलतेय. लिहितायत ते आपल्या इमारतीखालचे घड्याळवाले. दुपारी दुकान बंद करून जेवले की वर येतात. अक्षर मुंगीएवढं आलं असेल तर बोल मला लावू नकोस, या माणसाचा जन्म भिंगातून बघण्यात गेलाय. मला वाचता येत नसल्यामुळे मी सांगते तेच ते लिहितात की मनाचं घालतात, हे कळायला मार्ग नाही.

(मी मनाचं काही घालत नाही. – घड्याळवाले)

आत्ता काय लिहिलंत, म्हणून विचारलं, तर म्हणतात, काही नाही.

फोन तू उचलत नाहीस. फोन कापता येतो गं, म्हणून हे पत्र. पत्र फाडलंस तरी चालेल. लहानपणी रागाने चित्रं फाडायचीस आणि मग कोपऱ्यात बसून खळीने चिकटवायचीस, ते मी पाहिलंय. पत्ता मला बेकरीवाल्याने दिला. त्याला दिलास, आम्हाला नाही. बरं, असो. त्याच्याकडून एवढंही कळलं की तिकडे तू कुठल्याशा गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावतेस. बेकरीतली सगळ्यात चांगली बिस्किटं करणारी मुलगी, आणि खोक्यांना चिकटपट्टी! त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पिठाची धूळ असेल म्हणा.

मी पडले त्या दिवशी तूच होतीस, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. तू काकडी कापत होतीस आणि मी म्हटलं, "अगं, बिस्किटं करपतायत, बघ." तू म्हणालीस, "आजी, ओव्हन आज लावलाच नाहीये." तेवढंच माझ्याजवळ आहे. पुढचं म्हणजे जमीन, तुझी मांडी, आणि माझ्या एकाच पायात चप्पल. दुसरी अजून सापडलेली नाही. जाताना चुकून नेलीस का?

तू गेल्यावर काय काय झालं ते ऐक. मला एका पाइपात सरकवलं. आत कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. मी ओरडले, "अहो, दार उघडंच आहे, या की आत!" तर बाहेरून माइकवर तो मुलगा म्हणतो, आजी, बोलू नका, फोटो हलतो. जन्मात पहिल्यांदा मी एवढा वेळ गप्प पडले असेन, आणि तेही डोक्यात काय आहे ते दाखवायला.

आधी म्हणाले, गाठी दिसतायत. तो शब्द ऐकून तुझा बाप दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसला. मग मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, फोटो उजेडावर धरला आणि हसल्या. म्हणाल्या, "तसल्या गाठी नाहीत या. या जंताच्या पिल्लांच्या पिशव्या आहेत." तुझा बाप एवढा खूश झाला की त्याने त्या बाईंचे हातच धरले. आईच्या मेंदूत जंत निघाले म्हणून आनंदाने रडणारा मुलगा त्या दवाखान्याने पहिल्यांदाच पाहिला असेल.

फोटो मलाही दाखवला. माझा मेंदू सोललेल्या अक्रोडासारखा आहे. मला वाटलं होतं कवटीत नुसती हवा निघेल. त्यात वाटाण्याएवढे पाण्याचे फुगे, आणि प्रत्येक फुग्यात एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे त्याचं डोकं म्हणे. एका डोक्यात एवढी डोकी! आजीच्या डोक्यात काहीतरी वळवळतंय म्हणून तुम्ही सगळे हसायचात ना, घ्या आता पुरावा.

फिट येऊ नये म्हणून गोळ्या सुरू आहेत. त्या सुरू झाल्यापासून तो करपलेला वास आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, तो वास खोटा होता, फिट येण्याआधी मेंदूच तो तयार करतो. खोटा कसा? बिस्किटं तुझीच होती. कडेला जरा जास्त भाजलेली, मधोमध अंगठ्याने दाबलेला खळगा, त्यात जॅम. वास कुणाच्या हातचा आहे ते मला कळत नाही होय?

मी दवाखान्यात असताना घरातल्या सगळ्यांना पोट तपासायला डब्या दिल्या होत्या, असं ऐकलं. तुझा बाप ती डबी कोटाच्या आतल्या खिशात लपवून घेऊन गेला म्हणे, चोरीचा माल असावा तशी. त्याचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मी घरी आले तेव्हा तू गेली होतीस. "नवी नोकरी लागली, लगेच हजर व्हायचं होतं," तुझी आई म्हणाली. म्हणताना ती ओटा पुसत होती. ओटा स्वच्छ होता.

आता दवाखान्यात खाट रिकामी झाली की मला भरती व्हायचंय, किडे मारायला. त्याआधी दोन ओळी पाठव. तुझं पत्र मी उशीच्या खोळीत ठेवीन. माझ्या मोलाच्या वस्तू तिथेच असतात, आणि ही जागा तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. आता घड्याळवाल्यांना झाली, पण ते कुणाला सांगायचे नाहीत.

तुझी,
आजी
(अंगठा उठवलाय. शाई जास्त लागली, त्याबद्दल क्षमा. – घ.)


३ एप्रिल

खारे,

हे पत्र दवाखान्यातून. घड्याळवाले भेटायच्या वेळात आलेत. संत्री घेऊन आले होते, ती मी त्यांना आधी धुवायला लावली. मग हात धुवायला लावले. मग म्हटलं, सोलायला माझ्याकडेच द्या. माणूस कंटाळला, पण लिहायला बसलाय.

आधी डोळे तपासले. मी म्हटलं, दुखतंय डोकं आणि बघताय डोळे? तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यातही एखादी पिशवी असली आणि औषधाने ती तिथे फुटली, तर नजर जाते. म्हणून आधी खात्री करायची. डोळे साफ निघाले. तू येशील तेव्हा दिसशील, एवढी सोय झाली.

मला वाटलं होतं, जंताची गोळी द्यायची आणि मोकळं व्हायचं. तसं नाही. आधी सूज उतरवायचं औषध. का, ते मी त्यांच्याकडून नीट समजून घेतलं. हे किडे जिवंत असतात तोवर शरीराला पत्ताच लागू देत नाहीत. गुपचूप पडून असतात, वर्षानुवर्षं. मरायला लागले की शरीराला जाग येते, कोण रे तू म्हणून ते अंगावर धावून जातं, आणि भोवती सूज येते. माझ्या माहेरचे पाहुणे असेच होते. राहायचे तोवर आवाज नाही, निघताना सगळं घर डोक्यावर. म्हणून निघण्याआधी घराला शांत करायचं औषध, आणि मग पाहुण्यांना हाकलायचं औषध.

त्या पहिल्या औषधाने माझं तोंड सुजून पुरीसारखं टम्म झालंय. सुरकुत्या गेल्या! तुझ्या बापाने मला ओळखलंच नाही, शेजारच्या खाटेकडे जाऊन "आई, कशी आहेस?" म्हणाला. ती बाई म्हणाली, "बरी आहे रे बाळा, तू कोण?" भूक तर अशी लागते की रात्रीचं जेवण आलं की मी सकाळचं मागते. परिचारिका म्हणते, आजी, तुम्हाला जंत झालेत की जंतांना तुम्ही?

दुखतं मात्र. हे तुझ्या आईबापाला सांगितलं नाही, तुला सांगते. किडे मरायला लागले त्या दिवसांत डोक्याच्या उजव्या बाजूला कुणीतरी खिळा ठोकतंय असं व्हायचं. ओकारी व्हायची. मी पडल्या पडल्या तुझ्याशी बोलायचे. मनातल्या मनात बोलायचे असं मला वाटत होतं, पण शेजारची बाई सकाळी म्हणाली, "तुमची खारूताई फार हट्टी दिसते, काहीच उत्तर देत नाही." आता बरं आहे. सूज उतरतेय.

या शेजारच्या बाईने कोबी सोडलाय. कुणीतरी तिच्या मनात भरवलंय की कोबीतून किडे कानात जातात आणि कानातून मेंदूत. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, खरं काय ते सांगा. त्यांनी खाटेवर बसून सांगितलं. कुणीतरी कुठेतरी अर्धंकच्चं डुकराचं मांस खातं. त्यातून त्याच्या पोटात फितीसारखा लांब जंत वाढतो. त्या माणसाला काहीही होत नाही, त्याला माहीतही नसतं. पण त्या जंताची अंडी, दिसणारही नाहीत अशी, नखात राहतात, हाताला लागतात. त्या हाताने दुसऱ्याला काही कच्चं खायला दिलं, तर ती दुसऱ्याच्या पोटात जातात, आणि तिथून रक्तातून मेंदूत. भाजी नीट धुतली नाही तर तिच्यातूनही येतात.

"म्हणजे माझ्या घरातलं कुणी?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "एका व्यक्तीच्या पोटात होता. एका गोळीत गेला. आता ती व्यक्ती तुमच्या-माझ्याइतकी स्वच्छ आहे, पुन्हा तपासून बघितलंय. आणि आजी, तुमचे किडे तिच्यामुळेच आले असं मी खात्रीने सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही."

कोण ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा मला काहीही माहीत नाही, हे तू नीट लक्षात ठेव. एवढंच विचारलं की ओव्हनमध्ये भाजलेल्या जिनसांतून येतात का. त्या म्हणाल्या, छे, एवढ्या आचेत काय टिकणार! हे मी आपलं सहज विचारलं. तुला आपलं सहज कळवते.

मी आणखी एक विचारलं. त्या माणसाने आता काय करावं? त्या म्हणाल्या, "साबणाने हात धुवावेत आणि स्वयंपाक करावा."

घड्याळवाले इथे थांबलेत. भिंग डोळ्याला नाही, तरी डोळा पुसतायत. म्हातारपणी पापणी गळते एकेकाची.

तुझी,
टम्म तोंडाची आजी


३० मे

खारूताई,

दोन पत्रांना उत्तर नाही. गोदामात टपाल उंदीर खातात का?

मी घरी आले त्याला बरेच दिवस झाले. तोंड पुन्हा सुरकुतलंय, आता मला सगळे ओळखतात, त्यामुळे कामं सांगतात. पुढचा फोटो पावसाळ्यात काढायचाय, किडे गेले की नाही बघायला. फिटच्या गोळ्या मात्र चालूच. किडे मेले तरी त्यांची जागा हुळहुळी राहते, म्हणून बंद करायच्या नाहीत. तुझी आई सकाळ-संध्याकाळ गोळी हातावर ठेवते, मी तोंडात टाकते, ती पाण्याचा पेला घेऊन उभी राहते. फार काटेकोर बाई.

घर तू ओळखणार नाहीस. तुझ्या आईने भांडी उकळली. विळी उकळली, चमचे उकळले, मला वाटतं एक दिवस मलाही उकळेल. लाकडी पोळपाट टाकून दिला. काकडी, टोमॅटो, काही म्हणून कच्चं घरात येत नाही. फळंसुद्धा शिजवून देते, पेर शिजवून खाल्लंयस कधी? खाऊ नकोस. आणि ओव्हन कपाटावर चढवून ठेवलाय, वर चादर. मेलेल्या माणसासारखा दिसतो.

दारामागचा तुझा एप्रन मी दवाखान्यातून आले तेव्हा नव्हता. तिला विचारलं तर म्हणाली, फाटला होता. त्या दिवशी मी जेवायचं बंद केलं. तुझ्या बापाला सांगितलं, जोवर त्या डब्यांचं काय झालं ते कळत नाही तोवर ताट आणू नकोस. तो बिचारा दुपारपर्यंत टिकला. मग माझ्या पायाशी बसून सगळं बोलला. तपासणीचा कागद कसा आला, तुझी आई कशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आणि तुला काय म्हणाली. ते वाक्य मी घड्याळवाल्यांना सांगणार नाही. परक्या माणसाच्या अक्षरात ते लिहायला नको. तुला पाठ असेल.

म्हणून तू अन्नाला हात लावत नाहीस. म्हणून खोकी.

मी तिला काही बोलले नाही. बोलणार होते, चांगली तयारी केली होती, पण बघितलं तर ती नळाखाली स्वतःचे हात घासत होती. घासून घासून लाल झालेत तिचे हात. बोटांना चिरा पडल्यात. मग मी नुसतंच म्हटलं, तेल लाव.

तुझ्याशिवाय दुपार फार मोठी होते गं. तू बेकरीतून यायचीस तेव्हा जिन्यातच वास यायचा, तुझ्या आधी वास घरात शिरायचा. आता जिन्यात कुणाचे तरी बूट वाजतात आणि मी नाक वर करून बसते. काही नाही. रंगाचा वास, ओल्या छत्रीचा वास. गोळ्यांनी तो दुसरा वासही बंद केला होता, आतला, खोटा का असेना. तेवढाच होता माझ्याजवळ.

काल दुपारी मात्र आला बरं का. एकच झुळूक. अगदी कडा करपल्यासारखी. मी डोळे मिटून बसले, आणि तू ट्रे काढतेयस, हाताला फडकं गुंडाळलंयस, आणि म्हणतेयस, "आजी, लगेच नाही हं, तोंड भाजेल." मग बोटं जरा थरथरली, आणि गेलं. छान वाटलं. कुणाला सांगितलं नाही.

हे ऐकून घड्याळवाले माझ्याकडे संशयाने बघतायत. त्यांना म्हटलं, लिहा, म्हातारीची प्रकृती उत्तम आहे.

तुझी,
उत्तम प्रकृतीची आजी


१९ जुलै

माझ्या खारूताईस,

अक्षर बदललंय ना? ओळखलंस? तुझ्या शाळेच्या वह्यांवर तुझं नाव याच अक्षरात असायचं.

घड्याळवाल्यांनी राजीनामा दिला. म्हणाले, "आजी, मी घड्याळं दुरुस्त करतो, असल्या लबाडीत लेखनिक होत नाही." चिडलेत, पण रोज वर येऊन मी गोळी गिळते की नाही ते बघून जातात. तोंड उघडायला लावतात आणि भिंग लावून जिभेखाली बघतात. हसू नकोस, खरं आहे.

तेव्हा आता लिहितेय तुझी आई. मी बोलेन ते सगळं लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही, अशी अट घातलीय. कबूल झालीय. नाक ओढतेय, पण लिहितेय.

तुझा फोन आला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज, आणि तू काय म्हणालीस? ना कशी आहेस, ना काही. "आई, आजी गोळ्या घेत नाहीये. तिच्या उशीची खोळ बघ." आणि ठेवलास. म्हणजे पत्रं पोचली होती! वाचत होतीस, लबाडे! आणि एका झुळकेवरून माझी चोरी पकडलीस. दवाखान्यात एवढे शिकलेले लोक, त्यांना दिसलं नाही ते तुला तिथे बसून दिसलं. दिसेलच. गोळी दाढेत धरून पाणी प्यायचं आणि मग उशीत खुपसायची, ही युक्ती तुझ्या तापाच्या वेळी मीच तुला दाखवली होती.

ती ओलं धुणं तसंच टाकून आत आली. मी खुर्चीत बसले होते. तिने उशी उचलली, खोळ उलटी केली, आणि गोळ्या टपटप जमिनीवर. सगळ्या गोळ्या टाकत नव्हते हं मी. मधल्या मधल्या. थोडा वास येईल आणि पडणार तर नाही, असा माझा अंदाज होता. घोटभर पिऊन बाटली बंद करावी तसा. तिने वर बघितलं. मला ओरडणार होती, तोंड उघडलं होतं, आणि मी म्हटलं, "अगं, बिस्किटं करपतायत."

पुढचं मला ठाऊक नाही, तिनेच सांगितलं. त्या वाक्याचा अर्थ तिला कळला, कारण पहिल्या वेळचं तू सांगितलं होतंस. मी खुर्चीतून घसरायच्या आत तिने मला धरलं, जमिनीवर घेतलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली तीच रिकामी उशी. एक फिट संपली की दुसरी, झटके थांबेचनात. गाडी येईपर्यंत ती माझी हनुवटी धरून बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकट्या असता तर वाचला नसता. म्हणजे तुझा फोन त्या घटकेला आला नसता, आणि ती आत आली नसती, तर हे पत्र तिला तेराव्याला लिहावं लागलं असतं.

हे शेवटचं लिहिताना ती थांबलीय. लिही गं. अट आहे.

आता चांगली बातमी. नवा फोटो काढला. पुन्हा तोच पाइप, तोच हातोडा. फुगे गेले. सगळे गेले! एका जागी चुन्याचा ठिपका राहिलाय फक्त, तांदळाच्या कणीएवढा. तो किडा नाही, किड्याची खूण. तो तसाच राहील म्हणाल्या, त्याला औषध नाही आणि गरजही नाही. फक्त त्याच्यासाठी फिटच्या गोळ्या चालू ठेवायच्या, नियमाने. "आजी, ही फिट किड्यांनी आली नाही, तुम्ही आणलीत. का थांबवल्यात गोळ्या?" असं डॉक्टरीणबाईंनी मोठ्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, वासासाठी. "कसला वास?" म्हटलं, नातीचा. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग खोडलं, आणि बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

आता तुझ्या आईचं. तिने तुला दारात जे म्हटलं, ते वाक्य मी तिला इथे लिहायला सांगितलं. वर बघ, कागदाच्या कडेला आहे. तिने लिहिलं, मग खोडलं, मग एवढं खोडलं की कागद फाटला. मी म्हटलं, फाटू दे, तसाच पाठव. त्या दिवशी तिला वाटलं होतं की मी मरणार, आणि घाबरलेल्या माणसाला हाताशी कुणीतरी लागतं. तू हाताशी होतीस. हे मी तिच्या बाजूने बोलत नाहीये, डोळे वटारून बोलतेय. ती तुला सांगेल.

आणि माझं ऐक. ते तुझ्याकडूनच आलं असेल, नसेलही. समज आलं. मला आठवतंय तेव्हापासून तू सोललेली संत्री मी खाल्ली, तू कापलेली काकडी, तू भरवलेले घास, ताप आला तेव्हा तुझ्या ओंजळीतून पाणी. एवढं सगळं त्या हातांतून आलं, त्यात डोळ्याला न दिसणारं एक अंडंही आलं असेल, तर आलं. मी काय त्यासाठी बाकीचं परत करू?

तुझ्या आईला म्हटलं, आता एक ओळ तुझी लिही, मी कान झाकते.

तिकडे पांघरूण पुरेसं आहे का? मी ओव्हन खाली काढून पुसून ठेवलाय. – आई

काय लिहिलंस, म्हणून विचारलं, तर म्हणते, काही नाही. या घरात जो तो काही नाहीच लिहितो.

लगेच ये असं मी म्हणत नाही. तुझा राग आहे, तो तुझ्या सवडीने उतरू दे. पण गोळ्यांचं मी डॉक्टरीणबाईंना वचन दिलंय, आणि गोळ्या घेतल्या की तो वास आतून येणार नाही, कधीच. तेव्हा तो आता बाहेरूनच यायला हवा. नाकाने. खरा.

म्हणून ऐक. नखं काप. साबणाने हात धू, मनगटापर्यंत, मग पुन्हा एकदा धू, माझ्यासाठी नाही, तुझ्या मनासाठी. मग पीठ घे आणि बिस्किटं कर. कडा करपू दे थोड्या. पत्र्याच्या डब्यात कागद घालून भर, झाकण घट्ट लाव, म्हणजे उघडेपर्यंत वास आतच राहील. मोडकी आली तरी चालतील, माझे दातही मोडकेच आहेत. रोज सकाळच्या गोळीबरोबर एक खाईन, घड्याळवाल्यांच्या भिंगासमोर.

खाली माझा अंगठा उठवलाय, शाईत बुडवून. तुझा बिस्किटांवर उठव, नीट दाबून, मला बोट घालून बघता येईल एवढा खोल. जॅम घालू नकोस, वाटेत चिकटतो. खळगा रिकामाच पाठव. जॅम इथे तुझ्या आईने आणून ठेवलाय.